न भरणारी जखम : निदान, आवरण आणि प्लास्टिक सर्जरी

प्लास्टिक सर्जरी म्हणजे सौंदर्य खुलवण्याची शस्त्रक्रिया, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात सरकारी आणि महापालिका रुग्णालयांतील प्लास्टिक सर्जरी विभागात भाजलेले, अपघातात कातडी सोलवटलेले, मधुमेहामुळे पाय चिघळलेले किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्याने पाठीवर जखमा झालेले रुग्ण मोठ्या संख्येने येत असतात. 'आकार देणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या शाखेला हे नाव मिळाले. शस्त्रक्रियेत प्लास्टिक नावाचा पदार्थ वापरला जातो, हा समज चुकीचा आहे.

या शाखेतील जखमांचे उपचार दोन प्रश्नांवर आधारलेले असतात. जखम का भरत नाही, हा पहिला प्रश्न आणि ती कशाने झाकायची, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर न शोधता महिनोन्‌महिने केवळ मलमपट्टी होत राहिली, तर त्या विलंबाची किंमत बोट, पाय आणि प्रसंगी जीव गमावून मोजावी लागते.

त्वचेची रचना आणि जखम भरण्याची प्रक्रिया

त्वचा हा शरीराचा सर्वांत मोठा अवयव मानला जातो. प्रौढ व्यक्तीच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे दीड ते दोन चौरस मीटर असते. वरचा पातळ थर म्हणजे बाह्यत्वचा. तिच्याखाली अंतस्त्वचा असून तीत रक्तवाहिन्या, मज्जातंतू, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळे असतात. त्याखाली चरबीचा थर असतो. चरबी, स्नायू, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या यांना एकत्रितपणे मऊ ऊती असे म्हणतात.

जंतूंना रोखणे, शरीरातील पाणी राखणे, तापमान सांभाळणे आणि स्पर्शाचे ज्ञान देणे ही त्वचेची प्रमुख कामे आहेत. त्वचेचे आवरण मोठ्या प्रमाणात नष्ट झाल्यास ही सर्व कामे एकाच वेळी थांबतात. मोठ्या भाजण्यात रुग्णाच्या जिवाला धोका निर्माण होतो तो यामुळेच.

जखम झाल्यावर प्रथम रक्त गोठते. त्यानंतर काही दिवस सूज येते आणि शरीरातील पेशी जंतू व मृत ऊती दूर करतात. पुढील टप्प्यात जखमेच्या तळाशी नव्या रक्तवाहिन्या असलेले लालसर, दाणेदार मांस तयार होते आणि कडेने बाह्यत्वचेच्या पेशी आत सरकू लागतात. शेवटच्या टप्प्यात व्रण हळूहळू मऊ आणि मजबूत होतो. हा टप्पा वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ चालतो. भरलेल्या जखमेची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांच्या पुढे जात नाही.

अंतस्त्वचेचा काही भाग शिल्लक असल्यास केसांच्या मुळांजवळील व घामग्रंथींतील पेशींपासून नवी बाह्यत्वचा तयार होऊ शकते. संपूर्ण अंतस्त्वचा नष्ट झाल्यास जखम केवळ कडेकडून आक्रसत भरते. त्यामुळे जखमेची खोली ठरवणे हे निदानातील पहिले काम असते.

जखम का भरत नाही?

चार ते सहा आठवड्यांत भरण्याच्या मार्गाला न लागलेली जखम जुनाट समजली जाते. अशा जखमेची तपासणी करताना डॉक्टर तिची जागा, आकार, खोली, कडा, तळ, वास आणि आजूबाजूची त्वचा पाहतात. अनेकदा जखमेच्या जागेवरूनच कारणाचा अंदाज येतो.

घोट्याच्या आतील बाजूस वर असलेली, भोवतालची त्वचा काळपट झालेली ओलसर जखम ही बहुधा फुगलेल्या नीलांमुळे होते. पायाच्या बोटांच्या टोकाला असलेली, कोरडी, काळी आणि रात्री अधिक ठणकणारी जखम रक्तपुरवठा कमी झाल्याचे सुचवते. तळपायावरील, भोवती जाड कातडी असलेली आणि न दुखणारी जखम मज्जातंतू बधिर झाल्याची खूण आहे. आपल्याकडे मधुमेह आणि कुष्ठरोग ही या बधिरपणाची दोन महत्त्वाची कारणे आहेत. माकडहाड, नितंब किंवा टाचेवरील जखम सततच्या दाबामुळे झालेली असू शकते.

पायाच्या जखमेत घोट्याजवळील रक्तदाबाची दंडातील रक्तदाबाशी तुलना केली जाते. हे प्रमाण ०.९ पेक्षा कमी असल्यास पायाच्या रोहिण्यांमध्ये अडथळा असल्याचे मानले जाते. अशा वेळी आधी रक्तपुरवठा सुधारावा लागतो. रक्तच न पोहोचणाऱ्या जागेवर केलेले त्वचारोपण टिकत नाही. याखेरीज रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि प्रथिने यांची तपासणी होते. जखम हाडापर्यंत गेल्याची शंका असल्यास एक्स-रे किंवा एमआरआय काढला जातो. क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. तंबाखू आणि धूम्रपान यांमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून ते बंद करणे हा उपचाराचाच भाग समजला जातो.

कमरेवरचा व्रण : मुंबई आणि वर्ध्याची नोंद

जुनाट जखमेच्या निदानात सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कर्करोग न ओळखणे. फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये जुन्या व्रणावर होणाऱ्या अशा विकाराचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने तो आजही ओळखला जातो. भाजल्यानंतर राहिलेला व्रण वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा फुटत राहतो आणि काही दशकांनंतर तेथे त्वचेचा कर्करोग होतो, असा त्याचा क्रम असतो.

या विषयात महाराष्ट्राचा स्वतंत्र उल्लेख होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये राहणीतील सवयी आणि कर्करोग यांच्या संबंधावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या सततच्या घर्षणाने त्वचेचा कर्करोग होऊ शकतो, असे त्यात दाखवण्यात आले. वैद्यकीय साहित्यात हा विकार 'धोतराचा कर्करोग' या नावाने ओळखला जातो. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांमध्येही कमरेवर असाच कर्करोग आढळल्याची नोंद झाली.

२०२४ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी अशाच दोन वृद्ध स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. कमरेवर गाठ घट्ट बांधण्याच्या अनेक वर्षांच्या सवयीने तेथील त्वचा सतत घासली जात होती. आधी कातडी काळवंडणे, मग खाज, नंतर चीर आणि शेवटी न भरणारा व्रण, असा हा प्रवास असतो. परकराची नाडी सैल बांधणे, रुंद पट्टा वापरणे आणि त्वचेवर चट्टा दिसल्यास काही दिवस सैल कपडे वापरणे, हे त्यावरील सोपे प्रतिबंधक उपाय आहेत. मात्र घर्षण थांबवूनही व्रण भरत नसेल, तर बायॉप्सी, म्हणजे व्रणाच्या कडेचा लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी, आवश्यक ठरते.

बायॉप्सी केल्याने कर्करोग पसरतो, ही भीती अनाठायी आहे. रोग लवकर ओळखला गेल्यास व्रण भोवतालच्या निरोगी त्वचेच्या पट्ट्यासह काढून ती जागा झाकता येते. उशीर झाल्यास तो जांघेतील रसग्रंथींपर्यंत पोहोचू शकतो.

भाजलेली जखम : खोली आणि क्षेत्र

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक व्यक्ती मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. भाजलेल्या रुग्णाच्या निदानात जखमेची खोली आणि तिने व्यापलेले क्षेत्र या दोन बाबी निर्णायक असतात.

केवळ बाह्यत्वचा भाजल्यास त्वचा लाल होते आणि काही दिवसांत बरी होते. अंतस्त्वचेचा वरचा भाग भाजल्यास फोड येतात, जखम ओलसर, गुलाबी आणि अतिशय वेदनादायक असते. ती साधारणपणे दोन ते तीन आठवड्यांत भरते. अंतस्त्वचा खोलवर भाजल्यास जखम लाल-पांढरी, ठिपकेदार दिसते आणि वेदना कमी होतात. संपूर्ण त्वचा जळाल्यास ती पांढरी, तपकिरी किंवा काळी, चामड्यासारखी होते आणि तेथे टोचलेले कळत नाही. न दुखणारे भाजणे हे सौम्य नसून सर्वांत गंभीर असते, ही बाब नातेवाइकांच्या अनेकदा लक्षात येत नाही.

भाजलेले क्षेत्र मोजण्यासाठी नवाचा नियम वापरला जातो. प्रौढ व्यक्तीत डोके व मान ९ टक्के, प्रत्येक हात ९ टक्के, धडाची पुढची बाजू १८ टक्के, मागची बाजू १८ टक्के, प्रत्येक पाय १८ टक्के आणि जननेंद्रियांचा भाग १ टक्का धरतात. विखुरलेल्या जखमांसाठी रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसह सुमारे १ टक्का मानला जातो. लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने त्यांच्यासाठी वेगळा तक्ता असतो. मुलांमध्ये १० टक्के आणि प्रौढांमध्ये १५ ते २० टक्क्यांहून अधिक भाजले असल्यास शिरेतून द्रव देणे तातडीने सुरू करावे लागते.

तीन आठवड्यांत भरणाऱ्या जखमेचा व्रण सहसा सौम्य राहतो. त्यापुढे रेंगाळलेल्या जखमेत जाड, ओढणारे व्रण होण्याची शक्यता झपाट्याने वाढते. म्हणून जी जखम तीन आठवड्यांत भरणार नाही असे दिसते, तेथील मृत त्वचा लवकर काढून त्वचारोपण करण्याकडे शल्यचिकित्सकांचा कल असतो.

त्वचारोपण म्हणजे काय?

शरीराच्या एका भागातील त्वचेचा पातळ थर काढून तो दुसरीकडील जखमेवर बसवणे म्हणजे त्वचारोपण. स्वित्झर्लंडचे जाक रेव्हर्डँ यांनी १८६९ मध्ये त्वचेचे बारीक तुकडे जखमेवर लावून आधुनिक त्वचारोपणाचा पाया घातला. जर्मनीचे थिअर्श यांनी १८७४ मध्ये पातळ पापुद्र्यांची पद्धत मांडली.

बहुतेक वेळा मांडीवरून बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचेचा काही भाग असा पापुद्रा काढला जातो. मांडीवरील जागा मलमपट्टीखाली सुमारे दोन आठवड्यांत स्वतःहून भरते. जखम मोठी असल्यास पापुद्र्याला यंत्राने छिद्रे पाडून तो जाळीसारखा ताणला जातो. चेहरा, पापण्या किंवा हाताचा तळवा यांसाठी संपूर्ण जाडीची त्वचा घेतात. ती कमी आक्रसते आणि तिचा रंगही अधिक जुळतो.

रोपण केलेल्या त्वचेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले दोन दिवस ती जखमेच्या तळातून पाझरणाऱ्या द्रवावर जगते. त्यानंतर तळातील रक्तवाहिन्या तिच्याशी जोडल्या जातात. या काळात खाली रक्त साचले, जंतुसंसर्ग झाला किंवा त्वचा जागेवरून सरकली, तर रोपण निष्फळ ठरते. हात किंवा पाय हलू नये म्हणून पट्टी बांधून ठेवण्याचा आग्रह धरला जातो, त्याचे कारण हेच आहे.

उघड्या हाडावर किंवा उघड्या कंडरेवर त्यांचे पातळ आवरण शिल्लक नसेल, तर तेथे रक्तवाहिन्या नसल्याने रोपण जगत नाही. अशा ठिकाणी फ्लॅप लागतो.

पुण्याच्या कावसजीचे नाक

फ्लॅप म्हणजे स्वतःचा रक्तपुरवठा सोबत घेऊन सरकवलेली त्वचा व मऊ ऊती. या पद्धतीच्या जागतिक इतिहासात पुण्याचे नाव कायमचे नोंदले गेले आहे.

टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९२ च्या युद्धात कावसजी नावाचा मराठा शेतकरी इंग्रजी सैन्यासोबत बैल हाकण्याचे काम करत होता. टिपूच्या कैदेत असताना त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. त्यानंतर पुण्याजवळील, विटा पाडणाऱ्या समाजातील एका व्यक्तीने त्याचे नाक नव्याने घडवले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया पाहिली आणि तिचा वृत्तान्त लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रकार जेम्स वेल्स यांनी काढलेले कावसजीचे चित्रही उपलब्ध आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव मात्र त्या वृत्तान्तात नाही.

पद्धत पुढीलप्रमाणे होती. मेणाचा पातळ पत्रा तुटलेल्या नाकावर बसवून नाकाचा आकार घेतला गेला. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याभोवती रेघ ओढली. त्या रेघेवरून कपाळाची त्वचा सोडवण्यात आली, मात्र दोन्ही डोळ्यांमधील एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवली. हीच पट्टी नव्या नाकाला रक्त पुरवत होती. नाकाच्या कडेला खाच पाडून त्वचा वळवून त्यात बसवली. काथ पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर लावला आणि त्या पट्ट्या जोडावर ठेवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवले. सुमारे २५व्या दिवशी, नाकाला स्वतःचा रक्तपुरवठा मिळाल्यानंतर, जोडणारी पट्टी कापण्यात आली.

हे ज्ञान अचानक उगवलेले नव्हते. सुश्रुतसंहितेत झाडाच्या पानाने नाकाचे माप घेऊन गालाच्या त्वचेपासून नाक घडवण्याचे वर्णन आहे. पुण्याचा वृत्तान्त वाचून लंडनचे जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यानंतर ही पद्धत युरोपात पसरली. नाकाच्या त्वचेचा कर्करोग काढल्यानंतर आजही कपाळाचा फ्लॅप वापरला जातो आणि पट्टी कापण्याचा मुहूर्तही साधारण तीन आठवड्यांचाच असतो.

नागपूर आणि मुंबईचे योगदान

स्वातंत्र्योत्तर काळात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग सुरू केला. तो देशातील अशा प्रकारचा पहिला विभाग मानला जातो.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया यांनी भाजलेल्या आणि कुष्ठरुग्णांवरील पुनर्रचना शस्त्रक्रियांचे काम उभे केले. अंटिया आणि बुच यांनी सुचवलेली कानाच्या कडेची पुनर्रचना जगभरातील पाठ्यपुस्तकांत त्यांच्या नावाने शिकवली जाते. या दोघांनी १९७१ मध्ये पोटावरील अंतस्त्वचा व चरबीचा भाग पूर्ण सुटा करून दुसऱ्या जागी नेला आणि त्याच्या रक्तवाहिन्या तेथील वाहिन्यांना थेट जोडल्याची नोंद प्रसिद्ध केली. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून केल्या जाणाऱ्या 'फ्री फ्लॅप' शस्त्रक्रियेच्या आरंभीच्या नोंदींमध्ये तिचा समावेश होतो. तोंडाच्या कर्करोगानंतर जबडा किंवा गाल नव्याने घडवण्यासाठी आज ही पद्धत नियमितपणे वापरली जाते.

त्वचापेढी आणि त्वचादान

शरीराचा अर्ध्याहून अधिक भाग भाजल्यास रोपणासाठी रुग्णाची स्वतःची त्वचा पुरेशी उरत नाही. अशा वेळी मृत्यूनंतर दान केलेली त्वचा तात्पुरते आवरण म्हणून वापरता येते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालयात २००० साली डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने त्वचापेढी सुरू झाली. नवी मुंबईतील ऐरोली येथील नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही त्वचापेढी आहे.

मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत त्वचा घेतली जाते. पाय, मांड्या आणि पाठ येथून केवळ वरचा पातळ थर काढला जातो. या कामाला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो, रक्तस्राव होत नाही आणि पार्थिव विद्रूप होत नाही. त्यानंतर पट्टी बांधून पार्थिव कुटुंबाच्या स्वाधीन केले जाते. वयाची १८ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीची त्वचा दान करता येते आणि रक्तगट जुळण्याची आवश्यकता नसते. एचआयव्ही, कावीळ ब व क, त्वचेचा कर्करोग किंवा रक्तातील जंतुसंसर्ग असल्यास दान स्वीकारले जात नाही. ग्लिसरॉलमध्ये थंड तापमानात ही त्वचा काही वर्षे टिकवता येते.

दान केलेली त्वचा रुग्णाच्या शरीरावर कायम राहत नाही. दोन ते तीन आठवड्यांत शरीर ती नाकारते. मात्र तेवढ्या अवधीत पाणी व प्रथिनांचा ऱ्हास थांबतो, वेदना कमी होतात, जंतुसंसर्ग आटोक्यात राहतो आणि मांडीवरील जागा पुन्हा पापुद्रा काढण्याइतकी तयार होते. नेत्रदानाइतकी त्वचादानाची माहिती अद्याप घरोघरी पोहोचलेली नाही.

स्वस्त आवरणांचा शोधही मुंबईत झाला आहे. भाजलेल्या जखमांवर बटाट्याच्या सालींपासून तयार केलेल्या पट्ट्या आणि केळीच्या पानाचे ड्रेसिंग यांवर तेथील डॉक्टरांनी अभ्यास प्रसिद्ध केले. केळीचे पान गुळगुळीत असल्याने जखमेला चिकटत नाही आणि पट्टी बदलताना वेदना कमी होतात. ही साधने रुग्णालयात निर्जंतुक करून वापरली जातात. घरी थेट पान किंवा साल बांधणे धोक्याचे आहे.

मधुमेही पाय आणि शय्याव्रण

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह आहे. पाय बधिर झाल्यावर चपलेतील खडा, गरम फरशी किंवा काटा कळत नाही आणि रुग्ण त्याच जखमेवर चालत राहतो. म्हणून तळपायाच्या जखमेत उत्तम औषधापेक्षाही तिच्यावरील भार काढणे महत्त्वाचे ठरते. पायाच्या आकाराला बरोबर बसणारे प्लास्टर घालून भार वाटून देण्याची पद्धत कुष्ठरुग्णांच्या पायांवरील उपचारांतून विकसित झाली. आज ती मधुमेही पायासाठी जगभर वापरली जाते.

हालचाल न करू शकणाऱ्या रुग्णाच्या शय्याव्रणातही दाब हेच कारण असते. दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे आणि पुरेशी प्रथिने देणे यांमुळे ते टाळता येतात. त्वचेवरील लाली दाब काढूनही जात नसेल, तर ती व्रणाची पहिली पायरी समजावी. खोल शय्याव्रण शेजारील स्नायू किंवा त्वचेच्या फ्लॅपने झाकता येतो. मात्र दाब कायम राहिला तर तो पुन्हा फुटतो.

मोठ्या जखमेवर स्पंज ठेवून, हवाबंद पट्टी लावून यंत्राने नकारात्मक दाब देण्याची पद्धतही रूढ झाली आहे. साधारणपणे पाऱ्याच्या १२५ मिलिमीटर इतका दाब ठेवला जातो. त्यामुळे साचलेला द्रव निघून जातो आणि जखमेचा तळ रोपणासाठी तयार होतो. मृत ऊती आधी न काढता हे यंत्र लावल्यास उपयोग होत नाही.

व्रण वाढणे आणि गाठी

जखम भरल्यानंतरही उपचार संपत नाहीत. जखमेच्या हद्दीतच जाड झालेला व्रण कालांतराने काहीसा उतरतो. जखमेची हद्द ओलांडून वाढणाऱ्या व्रणाला केलॉइड म्हणतात. छाती, खांदे आणि टोचलेल्या कानाची पाळी येथे तो अधिक आढळतो. केवळ कापून काढलेला केलॉइड पुष्कळदा अधिक मोठा होऊन परत येतो. त्यामुळे व्रणात स्टेरॉइडची इंजेक्शने, सिलिकॉनची पट्टी, दाब देणारे कपडे आणि निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार असे एकत्रित उपाय योजले जातात. मान, काख किंवा कोपर भाजल्यानंतर व्रण आक्रसून सांधा अडकू नये, यासाठी पट्ट्या आणि व्यायाम पहिल्या दिवसापासून आवश्यक असतात.

त्वचेखालील बहुतेक मऊ गाठी चरबीच्या आणि निरुपद्रवी असतात. मात्र ५ सेंटिमीटरहून मोठी, वाढत जाणारी, खोलवर असलेली किंवा दुखणारी गाठ एमआरआय आणि बायॉप्सीशिवाय काढू नये. मऊ ऊतींचा कर्करोग असल्यास घाईने केलेली अपुरी शस्त्रक्रिया पुढील उपचार अवघड करते.

तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे

पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास विलंब न करता रुग्णालयात जावे.

• जखमेच्या मानाने असह्य वेदना, तासागणिक पसरणारी सूज, जांभळी पडणारी त्वचा किंवा दाबल्यावर करकर जाणवणे. हा खोल ऊती कुजवणारा जंतुसंसर्ग असू शकतो. त्यात केवळ प्रतिजैविके पुरत नाहीत, तातडीची शस्त्रक्रिया लागते.

• चेहरा, हात, पाऊल, सांधे किंवा जननेंद्रियांवर भाजणे, तसेच विजेचा धक्का किंवा रसायनाने भाजणे. विजेची जखम बाहेरून लहान दिसली तरी आत स्नायू जळालेले असू शकतात.

• मधुमेही रुग्णाच्या पायावर कोणतीही नवी जखम, काळे बोट किंवा दुर्गंधी.

• मळणी यंत्र, उसाचा चरक किंवा अपघातात तुटलेले बोट. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. तुटलेला भाग थेट बर्फावर ठेवू नये.

घरातील प्रथमोपचार

भाजल्यावर अंगठ्या, बांगड्या आणि घट्ट कपडे काढून भाजलेल्या भागावर नळाचे वाहते गार पाणी २० मिनिटे सोडावे. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत या उपायाचा उपयोग होतो. बर्फ लावू नये, फोड फोडू नयेत. हळद, तूप, शाई किंवा टूथपेस्ट लावल्याने जखमेची खोली ओळखणे कठीण होते आणि ती खरवडून काढताना रुग्णाला अधिक यातना होतात. त्यानंतर स्वच्छ कोरड्या कापडाने झाकून रुग्णाला न्यावे. मातीने माखलेल्या कोणत्याही जखमेत धनुर्वाताच्या लशीबाबत डॉक्टरांना विचारावे.

महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजण्यावरील आणि प्लास्टिक सर्जरीतील ठरावीक उपचारांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्रांकडून त्याची माहिती मिळते.

कावसजीचे नाक घडवणाऱ्या कारागिराने आधी माप घेतले, नंतर रक्तपुरवठा राखला आणि मगच जागा झाकली. सव्वादोनशे वर्षांत साधने बदलली असली, तरी हा क्रम बदललेला नाही. चार ते सहा आठवडे उलटूनही जखम भरत नसेल, तर केवळ आणखी एक पट्टी बदलण्याऐवजी ती का भरत नाही हे तज्ज्ञांकडून तपासून घेणे हाच उपचाराचा पहिला टप्पा होय.